नोकरी आणि सोशल मीडिया: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

नोकरी शोधणाऱ्या आणि नोकरीत असलेल्या वाचकांच्या पत्रांतले नऊ प्रश्न या वेळी घेतले आहेत. बहुतेक पत्रांत धास्ती एकच आहे, की आपलं जुनं काहीतरी कुणाला सापडेल. ती अगदीच खोटी नाही. पण सेटिंग बदलून सुटणारे प्रश्न कोणते आणि मुळात हात आवरायला हवा असे कोणते, यातला फरक कळला की निम्मी धास्ती कमी होते.

प्रश्न: हिशेब विभागात सहा वर्षं काम केलं आहे. तीन ठिकाणी मुलाखत चांगली झाली, पण नंतर फोनच आला नाही. माझ्या फेसबुकवर आक्षेपार्ह काहीही नाही. तरी प्रोफाइलमुळे असं होऊ शकतं का? ते लोक नेमकं बघतात तरी काय?

होऊ शकतं. पण फेसबुककडे वळण्याआधी तुमचा बायोडेटा आणि लिंक्डइन शेजारी शेजारी उघडा आणि तारखा ओळीने वाचा. सगळ्यात जास्त घोळ इथेच असतो. बायोडेटात ‘मार्च २०१९ ते ऑगस्ट २०२२’ लिहिलेलं असतं आणि लिंक्डइनवर त्याच नोकरीपुढे ‘आतापर्यंत’, कारण सोडल्यावर ते बदलायचं राहून गेलं. किंवा नेमणूकपत्रात पद ‘सहायक लेखापाल’ असतं आणि प्रोफाइलवर ‘अकाउंट्स मॅनेजर’. तुमच्या दृष्टीने हा आळस असेल. वाचणाऱ्याला मात्र यातलं एक खोटं वाटतं आणि कुठलं, हे शोधत बसायला त्याला सवड नसते. त्यात तुम्ही हिशेबातले. तुमच्याकडून तर जुळणीची अपेक्षा आणखी जास्त.

बघण्याचे टप्पे साधारण तीन. अर्ज चाळताना एचआरमधलं कोणीतरी नाव टाकून शोधाचं पहिलं पान बघतं. मुलाखतीनंतर, ऑफर देण्याआधी, ज्याच्या हाताखाली काम करायचं तो स्वतः बघतो. हे बघणं जास्त कुतूहलाचं असतं. आणि ऑफर दिल्यावर काही कंपन्या बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन बाहेरच्या एजन्सीला देतात. ती एजन्सी पदं, तारखा, शिक्षण पडताळते आणि सांगितलं असेल तर उघड पोस्टही चाळते.

पोस्टमध्ये मत काय आहे यापेक्षा ते कसं मांडलंय, याकडे अनुभवी माणसाचं लक्ष असतं. आधीच्या कंपनीबद्दल, ग्राहकांबद्दल तुम्ही काय लिहिता? कमेंटमध्ये वाद झाला की शिवीगाळीवर येता का? आजारपण, गरोदरपण, धर्म अशा गोष्टीही प्रोफाइलवर दिसतात. निवडीत त्यांचा विचार होता कामा नये, पण एकदा दिसलेलं मनातून पुसलं जात नाही. म्हणूनच काही चांगल्या संस्था मुलाखत घेणाऱ्याला प्रोफाइल बघूच देत नाहीत. दुसरा माणूस बघतो आणि कामाशी संबंधित तेवढंच कळवतो. सगळीकडे अशी काळजी घेतली जाईल हे मात्र गृहीत धरू नका.

स्वतःची तपासणी अशी करा. ब्राउझरमध्ये इन्कॉग्निटो विंडो उघडा, कुठेही लॉगिन करू नका. आपलं पूर्ण नाव अवतरणचिन्हांत टाकून शोधा, मग नावापुढे व्यवसाय जोडून. देवनागरीतही शोधा आणि रोमन लिपीत आपलं नाव जितक्या तऱ्हेने लिहिलं जातं तितक्या तऱ्हेने शोधा. त्यानंतर ईमेल पत्ता, फोन नंबर आणि शाळा-कॉलेजच्या काळातली युजरनेमं. लोक विसरतात ते हे शेवटचं. अठराव्या वर्षी घेतलेलं गमतीचं युजरनेम आजच्या ईमेलमध्येही असेल, तर त्या धाग्याने तेव्हाच्या सगळ्या कमेंटपर्यंत पोचता येतं. फोटोंचा टॅबही बघायला विसरू नका.

प्रश्न: दहा-बारा वर्षांपूर्वी मी फेसबुक आणि ट्विटरवर वाटेल ते लिहायचो. आता शिक्षकाच्या नोकरीसाठी अर्ज करायचा आहे. सगळं कसं साफ करू?

आधी एक अट. तुमच्यावर एखादी चौकशी, तक्रार किंवा खटला चालू असेल आणि त्याचा या पोस्टशी संबंध असेल, तर वकिलाला विचारल्याशिवाय एकही पोस्ट उडवू नका. पुरावा नष्ट केल्याचा आरोप मूळ पोस्टपेक्षा जड जातो.

तसं काही नसेल तर क्रम पाळा. पहिल्यांदा आपल्या माहितीची प्रत उतरवून घ्या. फेसबुक आणि एक्स, म्हणजे पूर्वीचं ट्विटर, दोन्हीकडे ती सोय आहे. फाइल तयार व्हायला वेळ लागतो, कधी एखादा दिवसही. ही प्रत दोन कामांची: आठवणी जात नाहीत, आणि शब्द टाकून शोधता येतं. शिव्या, जातीधर्मावरचे टोमणे, जुन्या शिक्षकांची नावं, दारूचे उल्लेख, असे पंधरा-वीस शब्द काढा आणि फाइलमध्ये शोधा. हजारो पोस्ट डोळ्यांनी वाचत बसण्यापेक्षा हे कितीतरी लवकर होतं.

मग फेसबुकच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये जुन्या पोस्ट मर्यादित करण्याचा पर्याय आहे, तो वापरा. आतापर्यंत सगळ्यांना किंवा मित्रांच्या मित्रांना दिसणाऱ्या पोस्ट एका फटक्यात फक्त मित्रांपुरत्या होतात. हे परत फिरवायचं झालं तर एकेक पोस्ट बदलावी लागते. आणि ज्यांना टॅग केलंय त्यांना व त्यांच्या मित्रांना ती पोस्ट दिसू शकते, हे ध्यानात ठेवा. त्यानंतर ॲक्टिव्हिटी लॉग उघडा आणि वर्षानुसार गाळणी लावून कमेंट आणि टॅग तपासा. लोक पोस्ट साफ करतात आणि कमेंट तशाच ठेवतात. पण दुसऱ्याच्या उघड पोस्टखाली तुम्ही लिहिलेली कमेंट तुमच्या सेटिंगने झाकली जात नाही. ती काढावीच लागते.

एक्सवर खातं प्रोटेक्टेड केलं की जुन्या पोस्टही फक्त फॉलोअर्सना दिसतात. तिथे कोणी काय लाइक केलं हे जून २०२४ पासून इतरांना दिसत नाही. लिंक्डइनवर मात्र तुमची लाइक आणि कमेंट प्रोफाइलवरच्या ॲक्टिव्हिटीत झळकते.

पोस्ट उडवल्यावरही शोधात तिचे शब्द काही काळ दिसत राहतात. त्यासाठी गूगलकडे कालबाह्य मजकूर ताजा करून घेण्याचं साधन आहे. पान खरोखर बदललं किंवा गेलं असेल तरच ते चालतं. इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये, म्हणजे जुन्या वेबपानांच्या प्रती साठवणाऱ्या संग्रहात, एखाद्या पानाची प्रत राहिली असेल तर ती काढण्याची विनंती त्यांना वेगळी करावी लागते. आणि कुणी घेतलेला स्क्रीनशॉट कुठल्याच सेटिंगने परत येत नाही. एखादी पोस्ट तशी फिरलेली असेल, तर मुलाखतीत विचारल्यावर ‘ती माझीच होती, मी ती काढली आहे, आज मी तसं लिहिणार नाही’ एवढं सरळ सांगा. नाकारणं सगळ्यात वाईट.

खातंच बंद करायचं असेल तर वेळ हिशेबात धरा. फेसबुकवर हटवण्याची विनंती ३० दिवस मागे घेता येते आणि सगळी माहिती जायला ९० दिवसांपर्यंत लागू शकतात. मुलाखतीच्या आदल्या रात्री ही साफसफाई काढू नका, निदान तीन महिने आधी सुरू करा.

प्रश्न: नोकरीत असताना दुसरी शोधते आहे. साहेबांना कळू न देता लिंक्डइन कसं वापरायचं?

पहिल्यांदा सेटिंगमध्ये जाऊन प्रोफाइलमधले बदल नेटवर्कला कळवण्याचं बटण बंद करा. नवी नोकरी किंवा पद भरताना त्या फॉर्मवरही तेच बटण पुन्हा येतं, तिथेही बघा. दुसरं, ‘ओपन टू वर्क’, म्हणजे नोकरी शोधत असल्याची खूण, दोन प्रकारे लावता येतं. हिरवी पट्टी सगळ्यांना दिसते. दुसऱ्या प्रकारात फक्त रिक्रूटरना, म्हणजे भरती करणाऱ्यांना, दिसतं आणि तुमच्याच कंपनीच्या रिक्रूटरपासून ते लपवण्याचा प्रयत्न लिंक्डइन करतं. प्रयत्न म्हणतोय, कारण पूर्ण गुप्ततेची हमी ते स्वतःच देत नाहीत. तुमच्या प्रोफाइलवरची नोकरी कंपनीच्या अधिकृत पानाशी जोडलेली नसेल, म्हणजे कंपनीच्या नावाशेजारी चिन्हाऐवजी राखाडी चौकोन असेल, तर आपल्या माणसांपासून लपवायचं हे यंत्रणेला कळणारच कसं? शिवाय तुमच्या कंपनीसाठी माणसं शोधणारी बाहेरची एजन्सी असते. ती यात अडत नाही.

तिसरं, दुसऱ्यांची प्रोफाइलं बघताना प्रायव्हेट मोड लावा. मोफत खात्यात याची किंमत अशी, की तुमची प्रोफाइल कोणी बघितली हे तुम्हालाही दिसत नाही.

यंत्रणेपेक्षा माणसांच्या नजरेत जास्त येतं ते वेगळंच. दोन वर्षं पडून असलेली प्रोफाइल एका आठवड्यात चकाचक होते, नवा फोटो येतो, चार सहकाऱ्यांकडे शिफारशी मागितल्या जातात. शेजारच्या टेबलावरच्या माणसाला एवढं पुरेसं असतं. म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी थोडं थोडं बदलायची सवय ठेवा. आणि ऑफिसच्या लॅपटॉपवरून यातलं काहीही करू नका, ऑफिसच्या वायफायवरूनही नको.

प्रश्न: कामाच्या पहिल्या दिवशी टेबलाचा फोटो इन्स्टाग्रामवर टाकला म्हणून मला लेखी ताकीद मिळाली. फोटोत मी, लॅपटॉप आणि चहाचा कप एवढंच होतं. यात एवढं काय?

तो फोटो पुन्हा उघडा आणि दोन बोटांनी मोठा करून कोपऱ्या-कोपऱ्याने बघा. गळ्यातलं ओळखपत्र. त्यावर नाव, कर्मचारी क्रमांक आणि बहुधा बारकोड किंवा क्यूआर असतो. आजचे फोन इतके स्पष्ट टिपतात की तो दुसऱ्या फोनने वाचताही येतो, आणि ओळखपत्राची नक्कल करायला नमुना लागतो तो हाच. लॅपटॉपच्या पडद्यावर उघडी असलेली मेलबॉक्स: पाठवणाऱ्यांची नावं आणि विषय वाचता येतात, म्हणजे कुठल्या ग्राहकाशी काय चाललंय ते कळतं. मॉनिटरच्या कडेला चिकटवलेली पिवळी चिठ्ठी, बऱ्याचदा पासवर्डची. मागे पांढरा फळा, त्यावर न जाहीर झालेल्या तारखा. भिंतीवर पाळ्यांचा तक्ता, म्हणजे कोण कधी ड्यूटीवर नसतं ते. चष्म्यात किंवा खिडकीच्या काचेत समोरच्या पडद्याचं प्रतिबिंब. फसवणूक करणाऱ्याला एवढ्यावर तुमच्याच सहकाऱ्याच्या नावाने खरी वाटेल अशी मेल लिहिता येते. ताकीद देणाऱ्याला हीच भीती असते, तुमच्या आनंदाशी त्याचं वैर नाही.

पुढच्या वेळी ओळखपत्र खिशात, पडदा लॉक, पाठीमागे कोरी भिंत. झाकायचं असेल तर फोनमधल्या मार्कर पेनाने रंगवू नका, त्यातले काही अर्धपारदर्शक असतात आणि उजेड वाढवला की खालचं दिसतं. तो भाग सरळ कापून टाका. ठिकाणाचा टॅग लावू नका. मोठे प्लॅटफॉर्म फोटोतली ठिकाणाची छुपी नोंद सहसा काढून टाकतात, पण तोच फोटो व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवलात तर ती तशीच जाते.

इस्पितळात, शाळेत, प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांनी कामाच्या वेळचा फोटोच टाकू नये असं आमचं स्पष्ट मत आहे. रुग्णाचा चेहरा दिसत नसला तरी खाटेचा क्रमांक, तारीख आणि तुमचा वॉर्ड यावरून नातेवाईक ओळखतात. आणि तिथे प्रश्न नुसत्या ताकिदीवर थांबत नाही.

प्रश्न: सहकाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी मॅनेजरबद्दल चिडून लिहिलं. कुणीतरी स्क्रीनशॉट त्यांना दाखवला आणि मला खुलासा मागितलाय. ग्रुप खाजगी नव्हता का? आता काय करू?

व्हॉट्सॲपचं एंड-टू-एंड एन्क्रिप्शन संदेश वाटेत कुणी वाचू नये म्हणून असतं. ज्याच्या हातात तो पोचला त्याच्यापासून ते वाचवत नाही. आपोआप नाहीसे होणारे संदेश लावले, मग ते २४ तासांचे असोत, ७ दिवसांचे की ९० दिवसांचे, तरी मधल्या वेळात स्क्रीनशॉट निघतोच. वीस जणांच्या ग्रुपवर लिहिलेलं वीस जणांच्या मर्जीवर असतं.

आता ग्रुपवर एक अक्षर लिहू नका, कोणी दाखवलं ते शोधू नका आणि संदेश ‘सगळ्यांसाठी डिलीट’ करू नका. प्रत त्यांच्याकडे आहेच, उलट लपवाछपवी दिसते. खुलासा देण्याआधी त्या स्क्रीनशॉटची प्रत लेखी मागा. तो बऱ्याचदा कापलेला असतो, आधीचे-नंतरचे संदेश त्यात नसतात. तुमच्या फोनमधून ती पूर्ण चॅट तारखेसह एक्सपोर्ट करून ठेवा.

मग स्वतःच्या संदेशाचे दोन भाग करा. ‘सलग तीन रविवार कामाला बोलावलं आणि बदली सुट्टी दिली नाही’ ही तक्रार आहे. ‘हा माणूस बिनडोक आहे’ हा अपमान. पगार, तास, सुरक्षितता यांबद्दल कामगारांनी आपसांत बोलण्याला बऱ्याच देशांत कायद्याचं संरक्षण आहे. अमेरिकेत ते १९३५च्या राष्ट्रीय कामगार संबंध कायद्यापासून आहे. अपमानाच्या भागाला असं संरक्षण सहसा मिळत नाही. खुलाशातही हे दोन भाग वेगळेच राहू द्या: ‘अमुक तारखेच्या संदेशातली माझी भाषा अयोग्य होती, त्याबद्दल मी दिलगीर आहे. त्यामागची सुट्टीची अडचण खरी आहे, तिचा तपशील सोबत जोडत आहे.’ चार-पाच ओळी पुरेत. कारणमीमांसा वाढवत नेली की दिलगिरी पातळ होते. हे पत्र देण्याआधी नेमणूकपत्र आणि कंपनीचं सोशल मीडिया धोरण वाचा, कारण आरोप कुठल्या कलमाखाली आहे त्यावर उत्तर ठरतं. नोकरी जाण्यापर्यंत गोष्ट येईलसं वाटत असेल तर युनियन किंवा कामगार कायद्याच्या वकिलाला आधी दाखवा.

प्रश्न: मॅनेजरची फेसबुकवर फ्रेंड रिक्वेस्ट आली आहे. नाकारली तर वाईट दिसेल.

स्वीकारा आणि त्यांना ‘रिस्ट्रिक्टेड’ यादीत टाका. त्यांना तुम्ही मित्रच दिसाल, पण उघड पोस्ट आणि त्यांना टॅग केलेल्या पोस्ट एवढंच त्यांच्यापर्यंत जाईल. यादीत टाकल्याचा निरोप त्यांना जात नाही. किंवा ‘ऑफिसच्या कुणालाच फेसबुकवर घेत नाही, लिंक्डइनवर जोडू या’ असं सांगा. हे मात्र सगळ्यांना सारखं लागू करा. दोन सहकारी यादीत आणि साहेब बाहेर, हे त्यांना दिसतंच.

प्रश्न: माझं कुठेच खातं नाही. ते संशयास्पद वाटतं का?

वेल्डर, चालक, स्वयंपाकी, परिचारिका यांना सहसा कोणी विचारत नाही. विक्री, जाहिरात, पत्रकारिता, सॉफ्टवेअर इथे मात्र निदान एक पान असावं. लिंक्डइनची साधी प्रोफाइल तासाभरात होते. नावाखालची ओळ २२० अक्षरांपर्यंत जाते. तिथे ‘मेहनती आणि होतकरू’ लिहून जागा घालवू नका. ‘औषध विक्री, ८ वर्षं, इस्पितळांच्या खरेदी विभागांशी काम’ असं लिहा. शेवटच्या तीन नोकऱ्या महिना-वर्षासह, प्रत्येकीखाली दोन ओळी, साध्या पार्श्वभूमीवरचा अलीकडचा फोटो. बास. फेसबुक, इन्स्टाग्राम केवळ नोकरीसाठी उघडायची गरज नाही.

प्रश्न: मुलाखतीत ‘फोनवर तुमचं फेसबुक उघडून दाखवा’ म्हणाले. एकाने तर पासवर्डच मागितला.

पासवर्ड कुणालाही द्यायचा नाही. फेसबुकच्या नियमांतच पासवर्ड दुसऱ्याला देण्याला मनाई आहे, आणि अमेरिकेतल्या मेरीलँड राज्याने २०१२मध्ये नोकरी देणाऱ्याला तो मागण्याची कायद्याने बंदी केली. पुढे इतर राज्यांनीही तसे कायदे केले. आवाज न चढवता म्हणा, ‘माझ्या खात्यात इतरांचे खाजगी संदेश आहेत, ते दाखवण्याचा हक्क मला नाही. उघड असलेलं सगळं तुम्ही बघू शकता, लिंक देतो.’ यावरही अडून बसले तर ती जागा सोडलेली बरी. रुजू होण्याआधीच जे हे मागतात, ते नंतर काय मागतील याचा अंदाज यावरून येतो.

नोकरीच्या नावाखाली लिंक्डइनवर किंवा टेलिग्रामवर पासवर्ड, ओटीपी किंवा ‘प्रशिक्षणाचे पैसे’ मागणारा हा रिक्रूटर नव्हे, भामटा आहे असंच धरून चाला. कंपनीच्या संकेतस्थळावरचा नंबर स्वतः शोधून, त्यावर फोन करून खात्री करा.

प्रश्न: राजीनामा दिलाय, नवी जागा पक्की आहे. फेसबुक आणि लिंक्डइनवर कधी जाहीर करू?

नव्या ठिकाणी रुजू झाल्यावर, तेही आठवडाभराने. नोटीस पिरियडमध्ये नव्या कंपनीचं नाव टाकलं की जुनी कंपनी तुमच्याकडचं काम, ग्राहकांची यादी, सिस्टिमचा प्रवेश त्याच दिवशी काढून घेऊ शकते. प्रतिस्पर्धी कंपनीत जात असाल आणि करारात तसं बंधन असेल, तर तुमची पोस्टच पुरावा ठरते. उलट बाजूनेही धोका आहे. सही झालेलं ऑफर लेटर हातात नसताना आनंदाची बातमी दिलीत आणि व्हेरिफिकेशनमध्ये काही अडलं, तर दोन्हीकडचे दरवाजे अवघड होतात.

जुन्या कंपनीतल्या शेवटच्या दिवशी लिंक्डइनवर त्या नोकरीची शेवटची तारीख भरा, तीही अनुभवपत्रावर असेल तीच. निरोपाच्या पोस्टमध्ये ग्राहकांची नावं, विक्रीचे आकडे, अपुऱ्या प्रकल्पांचे उल्लेख नकोत. ऑफिसच्या ईमेलवर उघडलेलं लिंक्डइन खातं असेल तर त्याला वैयक्तिक ईमेल आणि फोन नंबर राजीनामा देण्याच्या आधीच जोडा. मेल बंद झाली आणि पासवर्ड विसरलात की वर्षानुवर्षांचं खातं परत मिळवणं फार कष्टाचं होतं.